प्रहसनांतील पुढारी

मुंबई विद्यापीठाचा युवा महोत्सव पावसाळ्यांत भरतो. मुंबई शहरापासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या प्राथमिक फेऱ्या आधीं त्या त्या विभागांत होतात आणि त्यांतून निवडलेलीं पथकें अंतिम फेरीस जातात. गायन, नृत्य, वक्तृत्व, चित्रकला यांच्या गर्दींत एकांकिका, प्रहसन, मूकनाट्य आणि नक्कल हे नाट्याचे प्रकार असतात. एकांकिकेस अर्धा तास मिळतो. प्रहसनास अवघीं दहा मिनिटें आणि सहा नट. तेवढ्यांत ठाणें, कल्याण किंवा डोंबिवली येथून आलेलीं मुलेंमुली मंत्री, नगरसेवक, कंत्राटदार, वृत्तवाहिनीवरील निवेदक आणि रांगेंतला मतदार अशीं डझनभर पात्रें उभीं करितात आणि पाडतात. नेपथ्य नसतेंच म्हटलें तरी चालेल. एक खुर्ची असली तर तीच कधीं सिंहासन होते, कधीं गाडी, कधीं रुग्णालयांतील खाट.

एकांकिकेला समीक्षक मिळतात, करंडक मिळतात. चतुरंग प्रतिष्ठानची ‘सवाई’ स्पर्धा तर इतर स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिकांसाठींच प्रजासत्ताकदिनाच्या आदल्या रात्रीं भरते आणि पहांटेपर्यंत चालते. प्रहसनाच्या वांट्याला असें कांहीं येत नाहीं. तें छापलें जात नाहीं, दुसऱ्या वर्षीं कोणाच्या लक्षांतही राहत नाहीं. तथापि महाविद्यालयांतील तरुण आपल्या पुढाऱ्यांकडे कोणत्या नजरेनें पाहतो, हें जाणून घ्यावयाचें तर एकांकिकेपेक्षां प्रहसन अधिक उपयोगी आहे. कारण पुढारी तेथें प्रत्यक्ष येतो.

या प्रकारांचे नियम भारतीय विश्वविद्यालय संघानें घालून दिले आहेत आणि ते वाचण्यासारखे आहेत. नकलेच्या नियमांत यंत्रांचे आवाज आणि प्रसिद्ध व्यक्तींचीं भाषणें हे विषय स्पष्टपणें मान्य केले आहेत. म्हणजे पुढाऱ्याचा आवाज काढणें हा अपराध नसून अभ्यासक्रमच होय. प्रहसनाच्या नियमांत मात्र एक सावधगिरीचें कलम आहे. ग्राम्यता आणि कडवट सूचक शेरे टाळावेत. निर्व्याज उपहास आणि विनोद एवढ्याचीच अपेक्षा आहे, असा त्याचा आशय. ‘निर्व्याज उपहास’ हा शब्दप्रयोग ज्यानें सुचविला त्याला उपहास फारसा ठाऊक नसावा. ज्याचा उपहास होतो त्याला तो निर्व्याज वाटत नाहीं, आणि ज्याला तो निर्व्याज वाटला त्याचा तो झालेलाच नसतो. परंतु परीक्षकाला दहा मिनिटांच्या अखेरीस गुण द्यावेच लागतात. मग ही सीमारेषा कोठें ओढावयाची, हें त्या दिवशींचा परीक्षक, महाविद्यालयाचे प्राचार्य आणि सभागृहांतील पहिली रांग यांच्या स्वभावावर अवलंबून राहतें.

विद्यार्थी या अडचणींतून जी वाट काढतात, ती जुनीच आहे. नांव घ्यावयाचें नाहीं. एखाद्या पुढाऱ्याची ओळख पटविण्यास तीन खुणा पुरतात: अंगावरील एखादें वस्त्र, चालण्याची ढब आणि वाक्य तोडण्याची लकब. यांपैकीं दोन खुणा अचूक साधल्या तर नट बोलण्यापूर्वींच हंशा येतो. नकलेंत सर्व तपशील भरण्याचा मोह नवख्याला होतो. तेथेंच ती फसते. सराईत नकलाकार पुष्कळ सोडून देतो आणि जें ठेवतो तें थोडें फुगवितो. व्यंगचित्रकाराचीही हीच रीत आहे. महोत्सवाच्या ललितकला विभागांत व्यंगचित्रांचीही स्पर्धा असते. अडीच तासांत, जागेवर दिलेल्या विषयावर चित्र काढावें लागतें. एकाच महाविद्यालयांतील दोन विद्यार्थी एकाच पुढाऱ्याचें एकानें कागदावर आणि दुसऱ्यानें रंगमंचावर रेखाटन करावें, असें येथें सहज घडूं शकतें.

ठाण्याच्या बाबतींत या साम्याला आणखी एक अर्थ आहे. ज्या पक्षानें या शहराचें राजकारण अर्धशतकाहून अधिक काळ घडविलें, तो मुळांत एका व्यंगचित्रकाराचा पक्ष होता. बाळ ठाकरे हे ‘फ्री प्रेस जर्नल’मध्यें व्यंगचित्रें काढीत. १३ ऑगस्ट १९६० रोजीं त्यांनीं ‘मार्मिक’ हें व्यंगचित्र-साप्ताहिक काढलें, त्या साप्ताहिकाच्या वाचकांतून १९ जून १९६६ रोजीं शिवसेना उभी राहिली, आणि पुढल्याच वर्षीं, १९६७ मध्यें, ठाणें नगरपालिकेंत तिला पहिली सत्ता मिळाली. मुंबई महानगरपालिका तिच्या हातीं येण्यास त्यानंतर पुष्कळ वर्षें जावीं लागलीं. पुढाऱ्यांचीं नाकें लांब करून दाखविणारा कुंचला स्वतः पुढारी झाला, ही घटना महाराष्ट्राच्या राजकारणांत विरळा आहे. ठाण्यांतील तरुणाला तिचें नवल वाटत नाहीं, कारण तो तींतच वाढला.

या राजकारणानें शहराला जें दिलें त्यांत एक नाट्यगृह आहे. मासुंदा तलावाच्या कांठीं १९७८ मध्यें राम गणेश गडकरी रंगायतन उघडलें. त्या काळांत सतीश प्रधान हे नगराध्यक्ष होते. पुढें नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि १९८६ मध्यें तेच तिचे पहिले महापौर झाले; १९९२ ते २००४ या काळांत ते राज्यसभेंत होते. ठाण्यांतील ज्ञानसाधना महाविद्यालयाच्या स्थापनेशींही त्यांचेंच नांव निगडित असून आज तें महाविद्यालय त्यांच्या नांवानें ओळखलें जातें. २०२४ च्या अखेरीस ते निवर्तले. एकाच माणसानें शहराला रंगमंच द्यावा आणि त्या रंगमंचावर चढणाऱ्या मुलांना महाविद्यालयही द्यावें, हें वर्णन केवळ स्तुतीचें नाहीं. यांत ठाण्याच्या विद्यार्थीकलेची एक मोठी अडचण दडलेली आहे. येथें टीकेचा विषय आणि आश्रयदाता हे पुष्कळदां एकाच पंक्तीला बसलेले असतात. पारितोषिक-समारंभाला ज्यांना बोलवावयाचें, करंडक ज्यांच्या देणगीचा, तालमीला सभागृह ज्यांच्या चिठ्ठीनें मिळावयाचें, त्यांच्याच चालण्याची नक्कल मुलांनीं करावयाची! ती करूंच नये असें कोणी सांगत नाहीं. सांगण्याची गरज पडत नाहीं.

नाट्यगृहांच्या नांवांकडे पाहिलें तर ही अडचण थोडी गंमतीची होते. ठाण्याच्या नाट्यगृहाला गडकऱ्यांचें नांव आहे, कल्याणच्या नाट्यगृहाला आचार्य अत्र्यांचें, आणि डोंबिवलीच्या नाट्यगृहाला सावित्रीबाई फुल्यांचें. गडकरी हे फर्ग्युसन महाविद्यालयांतून पदवी न घेतांच बाहेर पडलेले विद्यार्थी. ‘बाळकराम’ या टोपणनांवानें त्यांनीं विनोदी लेखन केलें. अत्रे त्यांना आपले गुरु मानीत. म्हणजे मध्य रेल्वेच्या या मार्गावर गुरु आणि शिष्य यांच्यांत अर्ध्या तासाचें अंतर आहे. अत्र्यांनीं १९३९ मध्यें ‘मी उभा आहे’ हें निवडणुकीवरचें नाटक लिहिलें, आणि पुढें संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींत, ‘मराठा’ दैनिकांत व विधानसभेंत त्यांनीं प्रतिपक्षाची जी रेवडी उडविली, ती कोणत्याही प्रहसनाला लाजविणारी होती. सावित्रीबाईंच्या घरांतही नाटक होतें. जोतीराव फुल्यांनीं १८५५ मध्यें ‘तृतीय रत्न’ लिहून दक्षिणा प्राइज कमिटीपुढें ठेविलें. कमिटीनें तें स्वीकारलें नाहीं. त्या नाटकांत एक विदूषक आहे. तो प्रसंगाच्या बाजूला उभा राहून भोळ्या कुणब्याची फसवणूक कशी चालली आहे हें उघड करून सांगतो. आजच्या प्रहसनांत एक मुलगा कडेला उभा राहून प्रेक्षकांशीं बोलत असतो, तो या विदूषकाचा दूरचा नातलग होय. मात्र त्या मुलाला हें कोणी सांगितलेलें नसतें.

गडकऱ्यांच्या नांवालाही सुख लाभलें नाहीं. पुण्याच्या संभाजी उद्यानांतील त्यांचा अर्धपुतळा जानेवारी १९१७ मध्यें नव्हे, त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ शंभर वर्षांनीं, जानेवारी २०१७ मध्यें, ‘राजसंन्यास’ या अपूर्ण नाटकांतील संभाजीराजांच्या चित्रणाच्या रागानें उखडून टाकण्यांत आला. त्याच गडकऱ्यांच्या नांवाच्या रंगायतनांत ठाण्याचीं मुलें आपली कला दाखवीत आलीं आहेत.

आतां ‘विद्यापीठाचा परिसर’ या शब्दाविषयीं. कलिना येथील विद्यानगरींत जसा विस्तीर्ण परिसर आहे, तसा ठाणें-कल्याणच्या विद्यार्थ्याच्या वांट्याला आला नाहीं. विद्यापीठ १८५७ चें. आगगाडी त्याहून चार वर्षांनीं जुनी. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी चौतीस किलोमीटर धांवून ठाण्यासच थांबली होती, आणि पुढल्या वर्षीं ती कल्याणला पोंचली. त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षें या गांवांतल्या मुलाला पदवी हवी असेल तर तिच्यासाठीं गाडी पकडावी लागे. ठाण्यांत विद्या प्रसारक मंडळ १९३५ पासून शिक्षणाचें काम करीत होतें, पण त्याचीं महाविद्यालयें सुरू झालीं तीं १९६९ मध्यें. कल्याणला बिर्ला महाविद्यालय १९७२ मध्यें निघालें. बाळकुम येथें व कल्याणला विद्यापीठाचे उपपरिसर झाले ते तर अलीकडचे. त्यामुळें या भागांतील विद्यार्थ्याचा खरा परिसर म्हणजे फलाट. मित्र तेथें भेटतात, संहिता तेथें वाटली जाते, संवाद डब्यांत पाठ होतात.

म्हणूनच या पट्ट्यांतील पथकांच्या मूकनाट्यांत गाडीचा डबा आल्यावांचून राहत नाहीं. सहा नट एकमेकांना चिकटून उभे राहतात, एक हात वर असतो, सर्वांचे गुडघे एकाच तालांत वांकतात, आणि केवळ खांद्यांच्या झोल्यावरून गाडीनें सांधा बदलला हें प्रेक्षकांना कळतें. ही रचना आतां इतकी रुळली आहे कीं परीक्षक तिच्याकडे साशंक नजरेनें पाहतात. परंतु ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतील प्रवासी एकमेकांना घासून खालीं पडले आणि त्या दिवशीं चार जण मरण पावले. त्यानंतर त्याच सहा नटांपैकीं दारांतल्या एकाचा हात सुटला, तर सभागृहांत कोणी हंसत नाहीं. प्रहसनाचें मूल्य असें बाहेरच्या घडामोडींनीं बदलतें. संहितेंत एक अक्षर न बदलतां.

पुढाऱ्याला रंगमंचावर आणण्याचा धोका या देशांत नवा नाहीं. किंबहुना नाटकांवर नियंत्रण ठेवणारा पहिला मोठा कायदा एका प्रहसनामुळेंच झाला. १८७६ च्या आरंभीं प्रिन्स ऑफ वेल्स कलकत्त्यास आले असतां जगदानंद मुखर्जी नांवाच्या प्रतिष्ठित वकिलानें त्यांना आपल्या घराच्या अंतःपुरांत नेऊन स्त्रियांकरवीं त्यांचें स्वागत करविलें. ग्रेट नॅशनल थिएटरनें त्यावर प्रहसन रचलें. नायकाचें नांव ‘गजदानंद’. एवढाच काय तो पडदा! सरकारनें फेब्रुवारींत वटहुकूम काढला आणि वर्षअखेरीस नाट्यप्रयोगांचा कायदा केला. महाराष्ट्राला तो कायदा बोचला तो १९१० मध्यें, खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी आली तेव्हां. १९०७ मध्यें रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकांत कर्झनसाहेबांचें नांव कोठेंही नाहीं. पण द्रौपदी कोण, भीम कोण आणि कीचक कोण, हें पिटांतल्या शेवटच्या प्रेक्षकाला कळत होतें. येथें सरकार आणि प्रेक्षक यांनीं नाटकाचा एकच अर्थ लावला, आणि नाटककाराच्या यशाची याहून निराळी पावती नको.

तो १८७६ चा कायदा स्वतंत्र भारतांत सत्तर वर्षें पुस्तकांत पडून होता. संसदेनें अलीकडेच जुने निरुपयोगी कायदे काढून टाकले त्यांत तोही गेला. महाराष्ट्रांत मात्र रंगभूमि प्रयोग परिनिरीक्षण मंडळ कायम आहे. सार्वजनिक प्रयोग करावयाचा तर संहिता आधीं त्या मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र मिळवावें लागतें. चित्रपटाला असें प्रमाणपत्र लागतें हें सर्वांस ठाऊक असतें. नाटकालाही लागतें हें पुष्कळ सुशिक्षित घरांत माहीत नसतें, आणि घरांतला मुलगा किंवा मुलगी स्पर्धेंत उतरली म्हणजेच तें कळतें.

तरुणांचें राजकारण रंगमंचाकडे एवढें कां वळलें, याचें एक कारण महाविद्यालयांच्या निवडणुकांत सांपडतें. पूर्वीं विद्यार्थी आपले प्रतिनिधि मतदानानें निवडीत. त्या निवडणुकांत पैसा आणि दंडेली शिरली. १९८९ मध्यें मुंबईंत एका विद्यार्थी-नेत्याचा खून झाला. १९९४ च्या विद्यापीठ अधिनियमानें निवडणुकांऐवजीं गुणवत्तेवर नेमणूक आली. वर्गांत पहिला आलेला विद्यार्थी वर्गाचा प्रतिनिधि ठरूं लागला. अभ्यासांतील हुशारी आणि सहाध्याय्यांचा विश्वास या दोन वस्तु एकच मानल्या गेल्या. २०१६ च्या नव्या अधिनियमानें निवडणुकांना पुन्हा मान्यता दिली, २०१९ मध्यें त्यांचें वेळापत्रकही निघालें, परंतु विधानसभेच्या निवडणुकीचें कारण होऊन तें पुढें ढकललें गेलें, आणि मग महामारी आली. ज्या पिढ्यांना महाविद्यालयांत मतपेटी दिसली नाहीं, त्यांनीं मतपेटीवर प्रहसनें लिहिलीं.

पदवीधरांना मात्र अधिसभेसाठीं मत असतें. तेथील इतिहासही प्रहसनाला शोभेल असाच आहे. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांनीं दहा सदस्य निवडावयाचे. ही निवडणूक वारंवार लांबली, सप्टेंबर २०२४ मध्यें मतदान अगदीं तोंडावर आलें असतां पुन्हा स्थगित झाली, आणि अखेर उच्च न्यायालयाच्या आदेशानें २४ सप्टेंबरला पार पडली. दहाही जागा युवासेनेनें जिंकल्या. विद्यापीठाच्या निवडणुकीला अवघ्या राजकारणाचा मापदंड समजून मोठमोठ्या नेत्यांनीं तिची दखल घेतली. त्याच विद्यापीठांत २०१० मध्यें रोहिंटन मिस्त्री यांची एक कादंबरी, तींत शिवसेनेविषयीं अपमानकारक मजकूर आहे या तक्रारीवरून, अभ्यासक्रमांतून तडकाफडकी काढण्यांत आली होती. तक्रारीच्या अग्रभागीं त्या वेळीं महाविद्यालयांत शिकत असलेले आदित्य ठाकरे होते. व्यंगचित्रकाराच्या घराण्याला उपहासाचें शस्त्र परकें नव्हतें; तें आपल्यावर रोखलेलें पाहणें मात्र निराळें.

असहिष्णुता एकाच पक्षाची मिरास आहे असेंही नाहीं. २ फेब्रुवारी २०२४ रोजीं पुणें विद्यापीठाच्या ललित कला केंद्रांत विद्यार्थ्यांच्या एका नाटकाचा प्रयोग अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या कार्यकर्त्यांनीं बंद पाडला. रामलीलेंत भूमिका करणाऱ्या नटांचें पडद्यामागचें वागणें हा त्या नाटकाचा विषय. दुसऱ्या दिवशीं विभागप्रमुखांस आणि पांच विद्यार्थ्यांस अटक झाली. परीक्षेचा भाग म्हणून, विभागाच्या अंगणांत, शिक्षकांच्या देखरेखीखालीं केलेला प्रयोगही सुरक्षित नाहीं, हें त्या दिवसानंतर ठाणें-कल्याणच्या प्रत्येक तालमींत ठाऊक झालें. तेव्हांपासून संहितेवरून लाल पेन्सिल फिरवावयास बाहेरचा कोणी लागत नाहीं. दिग्दर्शक म्हणून आलेला माजी विद्यार्थीच ती फिरवितो.

या भीतीचा परिणाम प्रहसनांच्या दर्जावर स्पष्ट दिसतो. विशिष्ट पुढारी दाखविणें अवघड झालें म्हणून ‘पुढारी’ नांवाचा एक सर्वसामान्य पुतळा तयार झाला: पांढरा सदरा, काळा चष्मा, दोन्ही बाजूंस एक एक हस्तक, आणि खिशांतून डोकावणारी नोट. त्याच्यासमोर एक रडणारा शेतकरी. डोंबिवलीच्या मुलानें जन्मांत नांगर पाहिलेला नसतांही. शेवटचें एक मिनिट उरलें कीं सहाही नट ओळीनें पुढें येतात आणि प्रेक्षकांना जागे होण्याचा उपदेश करितात. असल्या प्रहसनांत कोणाला राग येत नाहीं. पहिल्या रांगेंतले पुढारीही टाळ्या वाजवितात, कारण तो पुतळा म्हणजे दुसरा कोणीतरी आहे याबद्दल प्रत्येकाची खात्री असते. नियमावलीला अपेक्षित असलेला निर्व्याज उपहास तो हाच असावा.

चांगलीं प्रहसनें निराळ्या वाटेनें जातात. तीं पुढाऱ्यापेक्षां त्याच्या भोंवतालच्या माणसांकडे पाहतात. घोडबंदर रस्त्यावरच्या खड्ड्यांत पडलेला मोटारसायकलस्वार आधीं फलकावरील वाढदिवसाच्या शुभेच्छा वाचतो. पाणी न आलेल्या इमारतींतील सभासद टँकरवर कोणत्या नेत्याचें चित्र असावें यावर भांडतात. अशा प्रकारचा प्रसंग रचला म्हणजे नकलेचीही गरज उरत नाहीं. नेता रंगमंचावर येतच नाहीं आणि तरी तो सर्वत्र असतो. येथें परीक्षकाला कडवट शेरा कोठें आहे हें बोट ठेवून दाखवितां येत नाहीं. असें लिहिणें अर्थातच कठीण. त्याला रोजचें पाहणें लागतें, आणि तें या मुलांजवळ मुबलक आहे. वेळ मात्र नाहीं. सकाळीं महाविद्यालय, दुपारीं कोठेंतरी नोकरी, रात्रीं तालीम.

विद्यापीठांत जिंकलेल्या प्रहसनाला पुढें एक चमत्कारिक परीक्षा द्यावी लागते. राज्यांतील विद्यापीठांचा ‘इंद्रधनुष्य’ महोत्सव असतो, तेथवर सर्व ठीक चालतें. पुण्याच्या किंवा नागपूरच्या प्रेक्षकाला ठाण्याच्या पुढाऱ्याची मान हलविण्याची तऱ्हा दूरचित्रवाणीमुळें परिचित असते. पण पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठीय महोत्सवांत गुजरात किंवा राजस्थानांतील परीक्षक समोर बसतात. संवाद हिंदींत करून घेतां येतात. लकबीचें भाषांतर होत नाहीं. ठाण्यांत जिच्यावर सभागृह कोसळलें ती चाल तेथें नुसती एका मुलाची वांकडी चाल ठरते. मग पथकें तालमींत पुन्हा बसतात, आणि ओळखीचा पुढारी काढून त्याच्या जागीं दिल्लीचा कोणी घालावा कीं तो पांढऱ्या सदऱ्याचा पुतळा, यावर वाद होतो. कांहीं पथकें मूळचेंच ठेवतात आणि हरून येतात. गाडींतून परततांना तीं तेंच प्रहसन डब्यांतल्या प्रवाशांपुढें करितात, आणि कसाऱ्याच्या बाजूचे लोक कल्याण येईपर्यंत हंसत असतात.